वासिल स्तूस : लेबर कॅम्पात बसून रिल्केचा अनुवाद करणारा युक्रेनियन कवी

शाईचा_डाग (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. किती दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज जरा निवांत वेळ मिळाला म्हणून बसलेच.

मी पुण्यात जर्मन शिकवते हे जुन्या लोकांना माहितीये. गेली काही वर्षं रिल्के या जर्मन कवीच्या दुईनो एलिजींतली (एलिजी म्हणजे विलापकविता) पहिली एलिजी मराठीत आणायचा प्रयत्न चाललाय, आणि मी अजून पहिल्याच ओळीत आहे. तो विचारतो की मी ओरडलो तर देवदूतांच्या त्या रांगांमधून कोण ऐकेल मला. जर्मनमध्ये "मी" बाई की बाप्या हे कळतच नाही. मराठीत मात्र ओरडलो की ओरडले हे ठरवावंच लागतं, आणि तिथेच माझं घोडं अडतं. मग ही ओळ इतर भाषांमध्ये लोकांनी कशी आणलीय हे शोधत बसले आणि शोधता शोधता वासिल स्तूस सापडला. युक्रेनियनमध्येही त्या जागी क्रियापदाला लिंग लागतं, आपल्यासारखंच. म्हणून आधी कुतूहल वाटलं, नंतर त्याने हे काम कुठे बसून केलं ते वाचलं आणि त्या दिवशी दुसरं काही करू शकले नाही.

स्तूस जन्मला ६ जानेवारी १९३८ ला, विनित्सा भागातल्या रख्निव्का नावाच्या खेड्यात. घर शेतकऱ्याचं. तो लहान असतानाच सगळे दोनेत्स्कला आले, तेव्हा त्या शहराचं नाव स्तालिनो होतं. कोळसा खाणींचं गाव, रस्त्यावर बरीचशी रशियनच. तिथे शिकला, सैन्यात जाऊन आला, शाळेत शिकवलं, पेपरात काम केलं आणि १९६३ मध्ये कीव्हच्या साहित्य संस्थेत पीएचडीसारखं काहीतरी असतं त्यांच्याकडे, त्याला लागला. इथपर्यंत सरळ आहे सगळं.

४ सप्टेंबर १९६५. कीव्हमधलं "उक्राइना" थिएटर, दिग्दर्शक पाराजानोवच्या सिनेमाचा प्रीमियर. त्या उन्हाळ्यात युक्रेनियन लेखक-विचारवंतांना गुपचूप उचललं जात होतं, पेपरात एक ओळ नव्हती. इवान झ्यूबा या समीक्षकाने स्टेजवरून अटकांबद्दल सांगितलं, गोंधळ झाला, आणि स्तूस प्रेक्षकांतून उठून म्हणाला की जुलूमशाहीच्या विरोधात असतील त्यांनी उभं राहा. काहीजण राहिले. त्याच महिन्यात त्याला संस्थेतून काढलं. त्यानंतर हा रिल्के वाचणारा माणूस मेट्रोच्या बांधकामावर होता, बॉयलरमध्ये कोळसा घालत होता. पुस्तक छापून द्यायला कोणी तयार नाही. "हिवाळी झाडं" हा संग्रह शेवटी १९७० मध्ये ब्रुसेल्सला निघाला, आणि परदेशात छापलं हाच पुढे गुन्ह्याचा एक भाग झाला.

१२ जानेवारी १९७२ ला धरपकडीची मोठी लाट आली, त्यात तोही गेला. आता मला ज्यासाठी धागा काढावासा वाटला तो भाग. खटला होईपर्यंत कित्येक महिने तो केजीबीच्या (सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या) कोठडीत होता. चौकशी चालू, मध्येच वेड्यांच्या हॉस्पिटलात नेऊन तपासणी, बायको आणि पाच वर्षांचा मुलगा बाहेर. आणि या काळात त्याने एक अख्खा संग्रह लिहिला, त्यात स्वतःच्या तीनएकशे कविता आणि गटे या जर्मन कवीच्या शंभरच्या आसपास कवितांचे अनुवाद. नाव ठेवलं "सृजनाचा काळ", शेजारी जर्मनमध्ये "दिश्टेन्सत्साइट". कोठडीतल्या दिवसांना त्याने हे नाव दिलं! शंभर गटे म्हणजे काय हे अनुवाद करणाऱ्याला विचारा. मी एका ओळीवर वर्षं घालवलीत, शेजारी तीन डिक्शनऱ्या आणि चहा.

शिक्षा झाली पाच वर्षं कॅम्प आणि तीन वर्षं हद्दपारी. मोर्दोव्हियातले कॅम्प. तिथे अल्सर फुटला, १९७५ मध्ये लेनिनग्राडच्या तुरुंग हॉस्पिटलात नेऊन जठराचा बराच भाग काढून टाकला. वह्या झडतीत जायच्या, म्हणून तो पत्रांत कविता घालायला लागला, ओळी न तोडता, साध्या गद्यासारख्या सलग, म्हणजे सेन्सॉरच्या नजरेत भरू नये. रिल्केचे अनुवादही असेच बायकोला पाठवलेल्या पत्रांतून बाहेर आले. ऑर्फियसची सॉनेट्स, एलिजी. कधी एकाच ओळीचे दोन-तीन पर्याय. घरची विचारपूस, मुलाने काय वाचावं, तब्येत, आणि त्यातच हे. बायकोने, वालेन्तिनाने, ती पत्रं जपली म्हणून आज आपल्याला माहिती आहे.

मला जे म्हणायचंय ते एवढंच की अनुवाद हा त्याचा फावल्या वेळेचा उद्योग नव्हता. लोक लिहितात "कवी, शिवाय अनुवादकही" आणि पुढे जातात. माझं ठाम मत आहे की त्या कोठडीत त्याला माणूस म्हणून उभं ठेवणारं काम हेच होतं, कारण स्वतःची कविता दुःखातून येते आणि दुःख तिथे हवं तेवढं होतं, पण अनुवादाला दुसऱ्याचं बोलणं ऐकत बसावं लागतं, आणि त्या जागेत बसून दुसऱ्याचं इतकं बारीक ऐकणं ही केवढी गोष्ट आहे. पुढचं प्रतिसादात लिहिते, हात दुखला.

---

बोरीबाभूळ

ताई, फार सुंदर आणि फार जड. एक प्रश्न, खरंच माहिती नाही म्हणून विचारतोय. स्वतःच्या कवितांवर राग धरला हे समजू शकतो, त्यात राजकारण असेल. पण गटे-रिल्केचा अनुवाद जप्त करून त्या लोकांना काय मिळायचं? गटे काय सोव्हिएतविरोधी होता?

---

जुना_वाचनालयवाला

बोरीबाभूळ, प्रश्न अगदी बरोबर जागी विचारलात. याचं उत्तर शंभर वर्षं मागे आहे. झारच्या काळात १८७६ मध्ये एम्सचा हुकूम निघाला, युक्रेनियन भाषेत छापायला बंदी, आणि त्यात अनुवादांचा वेगळा उल्लेख करून बंदी होती. ललित लिखाणाला थोडी फट ठेवली होती, अनुवादाला नाही. विचार करा, का? गावाकडच्या हलक्याफुलक्या गोष्टी त्या भाषेत चालतील, त्याने ती बोलीच राहते. पण होमर, शेक्सपिअर त्या भाषेत बोलायला लागले की तिला बोली म्हणता येत नाही. हे राज्यकर्त्यांना बरोबर कळलं होतं.

सोव्हिएत काळात कागदावर बंदी नव्हती, पण संशय तोच. मिकोला झेरोवचं उदाहरण देतो. कवी, लॅटिनचा मोठा अनुवादक, कीव्हला प्रोफेसर. १९२० मध्येच रोमन कवितांचं संकलन काढलेला माणूस. १९३५ च्या एप्रिलमध्ये अटक, दहा वर्षांची शिक्षा, पांढऱ्या समुद्रातल्या सोलोव्हकी बेटांवर रवानगी. अटकेच्या काही महिने आधी त्याचा दहा वर्षांचा मुलगा स्कार्लेट फीव्हरने गेला होता. बेटावर हा माणूस झाडलोट करायचा, राखण करायचा, आणि उरलेल्या वेळात व्हर्जिलचं "एनीड" हे लॅटिन महाकाव्य युक्रेनियनमध्ये करत होता. बारा सर्ग! बायकोला लिहिलेल्या पत्रांत त्या कामाबद्दल आहे. ३ नोव्हेंबर १९३७ ला कारेलियातल्या सांदारमोखच्या जंगलात त्याला गोळी घातली. सोलोव्हकीच्या एका तुकडीतले ११११ कैदी थोड्याच दिवसांत तिथे संपवले, त्यात झेरोवचा मित्र कवी फिलिपोविच, नाटककार कुलिश, दिग्दर्शक कुर्बास, आणि मोपासां-अनातोल फ्रान्स अनुवादणारा कादंबरीकार पिद्मोहिल्नीही. जागा कुठे आहे हे जगाला १९९७ मध्ये कळलं. एनीडचं ते हस्तलिखित आजतागायत मिळालेलं नाही.

आमच्या वाचनालयात एखादं पुस्तक गहाळ झालं तरी मला महिनाभर चैन पडायचं नाही. बारा सर्ग गेले.

---

शाईचा_डाग

काका, झेरोवबद्दल लिहिलंत ते फार बरं केलंत, मी त्याच्यावर येणारच होते पण इतकं नीट मला जमलं नसतं. बारा सर्गांवर काय बोलावं खरंच.

तुमच्या मुद्द्याला जोडून लुकाशचं सांगते. मिकोला लुकाश, गटेचं "फाउस्ट" युक्रेनियनमध्ये आणणारा, १९५५ चा अनुवाद, मग "डेकामेरॉन". त्याच्यावर टीका व्हायची की जुने, खेड्यातले, कोशात धूळ खात पडलेले शब्द वापरतो. म्हणजे भाषा श्रीमंत करतो हाच आरोप. १९७३ मध्ये झ्यूबाला (तोच, थिएटरच्या स्टेजवरचा) शिक्षा झाली तेव्हा लुकाशने वरच्या अधिकाऱ्यांना लेखी पत्र दिलं की झ्यूबा आजारी आहे, त्याच्या जागी शिक्षा मी भोगतो. बस. लेखक संघातून हकालपट्टी, आणि पुढे चौदा-एक वर्षं त्याचं नाव कुठे छापू दिलं नाही. घरातली पुस्तकं विकून दिवस काढले त्याने. त्याच वर्षी कोचुर या अनुवादकालाही काढलं, तो तर आधीच दहा वर्षं इंताच्या कॅम्पात काढून आलेला. कोचुर इर्पिनला राहायचा. हो, २०२२ मध्ये बातम्यांमध्ये पुलाखाली उभी माणसं दिसायची ना, तेच इर्पिन. त्याच्या घरी अनुवादकांचा राबता असायचा.

---

विनित्सा_एमबीबीएस

ताई, धाग्याचं नाव बघून आत आलो आणि पहिल्याच पॅराग्राफमध्ये विनित्सा दिसलं, अंगावर काटा आला. मी मूळचा नांदेडचा, मेडिकल विनित्साला केलं, पिरोगोव्हच्या नावाची युनिव्हर्सिटी आहे तिथे. आपली मराठी मुलं भरपूर होती, लातूर नांदेड बीड सोलापूर, हॉस्टेलच्या किचनमध्ये पोळ्या लाटायला रांग लागायची.

स्तूस हे नाव मी पाटीवर रोज बघायचो आणि मला वाटायचं कोणीतरी शास्त्रज्ञ असेल. झालं असं की दोनेत्स्क युनिव्हर्सिटी २०१४ मध्ये युद्धामुळे उचलून विनित्साला आणली, प्रोफेसर, मुलं, जे येऊ शकले ते. जुन्या हिऱ्यांना पैलू पाडायच्या कारखान्याच्या बिल्डिंगमध्ये भरायला लागली. आणि २०१६ मध्ये तिला वासिल स्तूसचं नाव दिलं. म्हणजे आता लक्षात येतंय, तो विनित्साकडचा आणि शिकला दोनेत्स्कला, आणि युनिव्हर्सिटी उलटी दोनेत्स्कहून विनित्साला आली. तिकडे दोनेत्स्कमध्ये युनिव्हर्सिटीच्या भिंतीवर त्याचा चेहरा कोरलेली पाटी होती ती तिथल्या नव्या सत्तेने २०१५ मध्ये काढून टाकली, हे मला आमच्या भाषेच्या मॅडमनी सांगितलं होतं, मी तेव्हा अर्धवट ऐकलं. त्या मूळ दोनेत्स्कच्याच. आम्हाला पेशंटशी बोलण्यापुरती भाषा शिकवायच्या, कुठं दुखतंय, कधीपासून दुखतंय, खोल श्वास घ्या. त्यांनी एकदा फळ्यावर एक छोटी कविता लिहिली होती आणि आम्ही म्हणालो मॅडम परीक्षेला आहे का. त्या नाही म्हणाल्या आणि पुसून टाकली. ती कोणाची होती ते आता विचारायला हवं.

---

शाईचा_डाग

डॉक्टर, तुम्ही त्या मॅडमना जरूर विचारा. आणि इथे सांगा.

आता उरलेलं लिहिते. हद्दपारी मगादानकडे, सोन्याच्या खाणीवर काम. १९७९ मध्ये कीव्हला परत आला, कारखान्यात नोकरी. सगळ्यांना वाटलं आता गप्प बसेल. त्यावेळी हेलसिंकी ग्रुपचे, म्हणजे मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या गटाचे, लोक एकेक करून आत जात होते, ग्रुप रिकामा होत होता, आणि हा त्यात सामील झाला. १४ मे १९८० ला परत अटक. या वेळी दहा वर्षं कॅम्प, पाच वर्षं हद्दपारी. सरकारने दिलेला वकील होता व्हिक्तोर मेदवेद्चुक. स्तूसने हा वकील नको म्हणून सांगितलं होतं, ऐकलं नाही. आणि वकिलानेच कोर्टात म्हटलं की आरोपीची कृत्यं शिक्षेला पात्र आहेत, फक्त तब्येतीचा विचार व्हावा. हाच मेदवेद्चुक पुढे युक्रेनमधला बडा राजकारणी झाला, पुतिनचा जवळचा. खटल्याची कागदपत्रं पत्रकार किपियानीने पुस्तकात छापली तेव्हा हा कोर्टात गेला, २०२० मध्ये खालच्या कोर्टाने पुस्तकावर बंदी घातली, लोकांनी दुकानांत झुंबड केली, २०२१ मध्ये वरच्या कोर्टाने निकाल फिरवला.

कॅम्प म्हणजे उरल भागातलं कुचिनो, पर्म-३६. पट्ट्यापट्ट्यांचे कपडे, बंद कोठडी, महिन्याला एक पत्र. काम काय तर इस्त्रीच्या वायरीला एक छोटा पार्ट जोडायचा, दिवसाचा कोटा ठरलेला. पत्र युक्रेनियनमध्ये असलं की तपासायला वेळ लागतो म्हणून रखडायचं. अनुवाद पाठवला तर पत्र अडवायचे. तरी त्याने नवा संग्रह केला, "आत्म्याचा पक्षी", कविता आणि अनुवाद मिळून काही शे. तो बाहेर येऊ शकला नाही. बारीक कागदांवर लिहिलेल्या थोड्या नोंदी मात्र बाहेर निसटल्या, १९८३ मध्ये पश्चिमेत छापल्या गेल्या, आणि त्याबद्दल त्याला वर्षभर एकट्याला डांबलं.

१९८५ च्या ऑगस्टच्या शेवटी तो फळीवर कोपर टेकून पुस्तक वाचत होता. पहारेकऱ्याने नियमभंग म्हणून रिपोर्ट केला. पंधरा दिवस शिक्षाकोठडी. जाताना सोबतच्या कैद्याला सांगून गेला की उपोषण करतोय, शेवटपर्यंत. ३ आणि ४ सप्टेंबरच्या मधल्या रात्री गेला. सत्तेचाळीस वर्षांचा होता. ४ सप्टेंबर, थिएटरमध्ये उठून उभा राहिला त्याला बरोबर वीस वर्षं. कागदावर कारण हृदयाचं. प्रेत बायकोला दिलं नाही, शिक्षेची मुदत संपली नव्हती म्हणून. कॅम्पजवळच्या बोरिसोवो गावात पुरलं आणि वर नावाऐवजी नंबराचा खांब, ९.

कोपर टेकून वाचत होता एवढंच. मी रोज कोपर टेकूनच वाचते.

---

मृगाचा_पाऊस

वाचून बधिर झाले. पण मला एक बोलायचंय आणि कृपया गैरसमज नको. त्याला मुलगा होता. बायको होती. १९७९ ला परत आल्यावर गप्प राहून त्याने आयुष्यभर रिल्के केला असता तर आपल्याकडे दहा पुस्तकं असती. त्या वालेन्तिनाचं कोणी काही लिहीत नाही, तिने काय भोगलं असेल. मी आई आहे म्हणून असेल पण मला राग येतो थोडा.

---

जुना_वाचनालयवाला

मृगाचा पाऊस, राग समजू शकतो, आणि वालेन्तिनाबद्दल तुम्ही अगदी खरं बोललात. पण गप्प राहण्याची किंमत काय असते त्याचंही उदाहरण आहे. झेरोवचाच मित्र माक्सिम रिल्स्की. १९३१ मध्ये उचलला, जवळजवळ वर्षभर लुक्यानिव्का तुरुंगात. बाहेर आल्यावर त्याने स्तालिनस्तुती लिहिली. जगला. पोलिश कवी मिकीविचचं "पान तादेउश" त्याने आधीच केलं होतं, पुढेही ढीगभर अनुवाद केले आणि ते उत्तम आहेत. त्याच्यासकट पाच मित्रांचे टोळके होते, नवअभिजात म्हणायचे त्यांना. दोघांना सांदारमोखला मारलं, एक द्राइ-ह्मारा कोलिमाच्या कॅम्पांत मेला, दांतेच्या अनुवादाची त्याची वही जप्त झाली ती झालीच, एक आधीच जर्मनीला निघून गेला. उरला रिल्स्की. त्याला दोष देणारा मी कोण. पण "गप्प बसून दहा पुस्तकं" हे इतकं सोपं नव्हतं ताई, गप्प बसू देत नसत, स्तुती लिहून घेत.

---

शाईचा_डाग

काकांशी सहमत. आणि मृगाचा पाऊस, तुझा राग मला चुकीचा वाटत नाही. तो मुलगा, द्मित्रो, मोठा होऊन वडिलांच्या लिखाणाचा अभ्यासक झाला, त्यांचं चरित्र लिहिलं, संपादन केलं. वडिलांना त्याने बहुतेक पत्रांतच वाचलं. आईने जपलेले कागद आणि मुलाने लावलेले कागद, त्यावर आज सगळं उभं आहे. तुझ्या म्हणण्याप्रमाणे वालेन्तिनावर वेगळा धागा हवा, मी काढेन.

---

बोरीबाभूळ

एक ठिकाणी वाचलं की जर्मन लेखक हाइनरिख ब्योलने त्याचं नाव नोबेलला पाठवलं होतं आणि म्हणून त्याला १९८५ मध्येच संपवलं. हे खरंय का?

---

शाईचा_डाग

ब्योलने त्याच्या बाजूने जाहीरपणे आवाज उठवला हे खरं. सोव्हिएत शास्त्रज्ञ साखारोवनेही १९८० मध्ये उठवला होता. नोबेलची गोष्ट सगळीकडे सांगतात, पण नोबेलची नामांकनं पन्नास वर्षं बंद असतात, त्यामुळे १९८५ ची कागदपत्रं उघडेपर्यंत ते कोणी छातीठोक सांगू शकत नाही. मला तरी तो माणूस मोठा वाटायला नोबेल लागत नाही.

१९ नोव्हेंबर १९८९ ला त्याला आणि कुचिनोतल्या दोन सोबत्यांना, तिखी आणि लितविनला, कीव्हच्या बाइकोवे स्मशानात आणून पुन्हा दफन केलं. हजारो लोक रस्त्यावर होते, निळेपिवळे झेंडे घेऊन, सोव्हिएत युनियन अजून होती तेव्हा.

---

विनित्सा_एमबीबीएस

ताई, मॅडमना मेसेज केला होता, आत्ता उत्तर आलं. कविता स्तूसचीच होती. त्या म्हणाल्या तुम्ही परीक्षेला आहे का विचारलं ते आठवतंय मला. फळ्यावर लिहिली होती ती परत पूर्ण टाइप करून पाठवली त्यांनी, आठ ओळी आहेत. मला अर्धी कळतेय. तुम्हाला पाठवू का? आणि तुमच्या त्या रिल्केच्या ओळीचं पुढे काय झालं?

---

शाईचा_डाग

पाठवा, लगेच पाठवा. शक्य असेल तर मॅडमना म्हणावं वाचून रेकॉर्ड करून द्या, उच्चार ऐकल्याशिवाय मला धीर होणार नाही.

ओळीचं सांगते. "ऑर्डनुंगेन" या शब्दाला (देवदूतांच्या रांगांसाठीचा मूळ जर्मन शब्द) मी आधी "पंगती" घेतलं होतं, गोड वाटत होतं. मग "श्रेणी". स्तूसबद्दल वाचल्यापासून ते दोन्ही नकोसे झालेत. त्याला रोज मोजणीसाठी जिथे उभं करायचे तो शब्द घेतलाय, रांगा. आणि "ओरडले" ठेवलंय, कारण ओरडणारी मी आहे.

डॉक्टर, आठ ओळींमधले जे शब्द कळतात ते आधी मराठीत लिहून द्या, चुकले तरी चालतील. उरलेले मॅडमना विचारू. पुढच्या रविवारी इथेच टाकूया.